भाव कमी करून मागावा का? घासाघिशीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कराडला आमचं कापडाचं दुकान होतं. शाळा सुटली की मी गल्ल्याशेजारच्या स्टुलावर बसायचे आणि वडिलांची गिऱ्हाइकांशी चाललेली बोलणी ऐकत गृहपाठ करायचे. पुढे नोकरीमुळे आणि हौसेनं बरंच फिरणं झालं. तेव्हापासून सहलीला निघालेले नातेवाईक, शेजारी, मैत्रिणी आणि त्यांच्या ओळखीतले लोक खरेदीबद्दल विचारत असतात. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, अडनिडे नंतर.

१. घासाघीस करणं म्हणजे विक्रेत्यावर अविश्वास दाखवणं नाही का?

नाही. वस्तूवर छापील किंमत नसते तिथे भाव ठरवायची तीच रीत असते. माल कितीला पडला हे विक्रेत्याला ठाऊक असतं, तुम्हाला नसतं. तुम्हाला तो किती हवा आहे हे तुम्हाला ठाऊक असतं, त्याला नसतं. दोघं एकेक आकडा टाकत हे अंतर कमी करत जातात. क्लिफर्ड गीर्ट्झ या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञांनी मोरोक्कोतल्या सफ्रू गावच्या बाजाराचा अभ्यास केला होता. अशा बाजारात सगळ्यात दुर्मीळ असते ती माहिती, आणि म्हणून माणसं ठरावीक विक्रेता धरून त्याच्याशीच वर्षानुवर्षं भाव करतात, असं त्यांनी मांडलं. आपल्याकडेही आई-आजीचा ‘नेहमीचा’ दुकानदार असतो, तो याच कारणानं. माझ्या वडिलांना भाव न करता पैसे टाकून जाणाऱ्या गिऱ्हाइकाची काळजी वाटायची. भाव करणारा पुन्हा येणार, याची त्यांना खात्री असायची.

२. कुठे भाव करायचा आणि कुठे नाही, हे ओळखायचं कसं?

किमतीची चिठ्ठी, छापील बिल आणि ‘एकच भाव’ची पाटी, यांतलं काहीही दिसलं तर सहसा विचारू नका (अपवाद प्रश्न ३ आणि १२ मध्ये आहेत). मॉल, खादी भांडार, सरकारी हस्तकला एम्पोरियम इथे समोरच्या माणसाच्या हातात भाव नसतोच, विचारून त्याला अवघडल्यासारखं होतं. पथारी, हातगाडी, आठवडे बाजार, पर्यटकांची गल्ली इथे बोलणी चालतात. पुण्याच्या तुळशीबागेत एकाच गल्लीत दोन्ही प्रकार आहेत: आतल्या दुकानांतून बऱ्याच ठिकाणी ठरलेला भाव, बाहेरच्या स्टॉलवर बोलण्यातून ठरणारा. मुंबईत फॅशन स्ट्रीट, कुलाबा कॉजवे, लिंकिंग रोड इथे भाव केला नाही तर विक्रेत्यालाच नवल वाटेल. गोव्यात अंजुण्याचा बुधवारचा बाजार पर्यटकांसाठी भरतो, तिथे भाव चढा सांगतात. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात गावची माणसं घरचा जिन्नस भरायला येतात, तिथे सांगितलेला भाव खऱ्याच्या बराच जवळ असतो. काहीच कळेना तर पाच मिनिटं बाजूला उभं राहून आधीचं गिऱ्हाईक काय करतं ते बघा. जगात कुठेही ही युक्ती चालते.

३. एमआरपी छापलेल्या वस्तूवर घासाघीस चालते का?

चालते, फक्त खालच्या दिशेनं. एमआरपी ही सगळे कर धरून कमाल किंमत आहे. २००९ चा वैधमापन कायदा आणि त्याखालचे २०११ चे आवेष्टित वस्तूंचे नियम यांनुसार दुकानदारानं त्यावर एक रुपयाही घेता कामा नये. ‘थंड करण्याचे दोन रुपये’ हेही बेकायदा. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. मोठ्या वस्तूंवर, म्हणजे मिक्सर, कुकर, फ्रिज यांवर, छापील किमतीपेक्षा कमी भाव जवळपास नेहमी मिळतो, विचारायला हवा इतकंच.

एक अपवाद लोकांना माहीत नसतो. हॉटेलात बसून पाण्याची बाटली घेतली तर तिथे एमआरपीपेक्षा जास्त आकारता येतं, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०१७ मध्ये दिला आहे. तिथे तुम्ही बाटलीबरोबर बसण्याची जागा आणि सेवाही घेत असता, असा त्यामागचा विचार.

४. सांगितलेल्या किमतीच्या निम्म्यापासून सुरुवात करावी, हे खरं का?

सरसकट नाही. हा नियम पर्यटकांच्या बाजारात शाली, पिशव्या, शोभेच्या वस्तूंवर चालतो. कुलाब्याला ४०० सांगितलेल्या कानातल्यांना २०० म्हटलंत तर बोलणी सुरू होतील. मंडईत ६० रुपये किलोच्या टोमॅटोला ३० म्हटलंत तर तो अपमान होतो.

मी असं करते: आधी तीन ठिकाणी भाव फक्त ऐकायचा, आपण आकडा काढायचा नाही. मग या वस्तूला मी खुशीनं किती देईन, ते मनाशी ठरवायचं. त्याच्या थोडं खाली सुरुवात करायची आणि त्या आकड्याला पोचलो की थांबायचं. दुकानदार अजून उतरला असता का, हा विचार करायचा नाही. आणखी एक. एकाहून जास्त नग घ्यायचे असतील तर ते सुरुवातीला सांगू नका. एकाचा भाव ठरला की मग विचारा, “तीन घेतले तर कसे लावाल?”

५. मला भाव करायला लाज वाटते. नेमकं बोलायचं काय?

पहिला शब्द नात्याचा असू द्या: काका, मावशी, दादा, ताई, विदर्भात भाऊ. मग “जरा बरोबर लावा ना”, “काही कमी होईल का?”, “शेवटचं सांगा” यांतलं एखादं वाक्य पुरतं. उत्तरं ठरलेली असतात. “पडत नाही हो ताई” म्हणजे अजून वाव आहे. “माझी खरेदीच तेवढ्याची आहे” म्हणजे थोडा वाव आहे. “पदरचं घालून देऊ का?” ऐकलं की आणखी ओढू नका. “तुम्ही बोला, किती देणार?” म्हणजे तो तुम्हाला आकडा बोलायला लावतोय. बोलण्याआधी प्रश्न ८ वाचा.

मालाला नावं मात्र ठेवू नका. “असलं तिकडे शंभराला मिळतं” असं कोणी म्हटलं की माझे वडील शांतपणे ताग्याची घडी घालायला लागायचे. “आवडलंय, पण मला जरा जास्त होतंय” असं म्हणणाऱ्या बाईला त्यांनी कधी रिकाम्या हातानं जाऊ दिल्याचं मला आठवत नाही.

६. ‘भवानीची वेळ आहे’ असं विक्रेता म्हणतो, ते खरं असतं का?

सकाळी म्हणाला तर खरं धरून चाला. दिवसाची पहिली विक्री म्हणजे भवानी. ते पैसे कपाळाला लावून, तराजूला किंवा मालाला टेकवून मग गल्ल्यात जातात. पहिलं गिऱ्हाईक रिकाम्या हातानं गेलं तर दिवस वाईट जातो ही श्रद्धा घट्ट आहे, त्यामुळे त्या वेळी विक्रेता थोडा खाली उतरतो. मात्र सकाळी सकाळी नुसता भाव विचारत हिंडायचं नाही. घ्यायचं नसेल तर अकरानंतर जा.

ही श्रद्धा आपलीच आहे असं मला पुष्कळ वर्षं वाटत होतं. मग बालीत उबुदच्या बाजारात एका बाईनं माझ्याकडून घेतलेल्या नोटा मांडलेल्या सगळ्या सराँगांवरून, म्हणजे कमरेला गुंडाळायच्या कापडांवरून, टपटप फिरवल्या. वडील नोट गादीला टेकवायचे, अगदी तसंच. तिथे या पहिल्या विक्रीला ‘पेंगलारिस’ म्हणतात. तुर्कस्तानात तिला ‘सिफ्ताह’ म्हणतात आणि दुकानदार पुटपुटतो, सिफ्ताह तुझ्याकडून, बरकत अल्लाकडून. व्हिएतनाममध्ये ‘मो हांग’. तिथे ही गोष्ट सगळ्यात कडक आहे: पहिल्या गिऱ्हाइकानं खूप घासाघीस करून काहीच घेतलं नाही, तर अपशकुन घालवायला विक्रेते कागद पेटवून मालावरून ओवाळतात. हनोईत किंवा हो ची मिन्ह शहरात सकाळी लवकर बाजारात गेलात तर खरंच घ्यायचं असेल तरच तोंड उघडा.

७. तुर्कस्तान, मोरोक्कोत दुकानदार चहा देतात. चहा घेतला तर खरेदी करावीच लागते का?

नाही. इस्तंबूलच्या मोठ्या बाजारात (ग्रँड बझार) छोट्या कमनीय पेल्यातून येणारा चहा आणि माराकेशला पुदिन्याचा गोड चहा ही पाहुणचाराची पद्धत आहे, विसार नव्हे. चहा पिऊन “आभारी आहे, आज नको” म्हणून उठता येतं. पण गालिचाच्या दुकानात तासभर बसून पन्नास गालिचे उलगडायला लावायचे आणि मग उठायचं, हे बरं नाही. घ्यायचा विचारच नसेल तर चहाच्या आधी तसं सांगा. बहुतेक जण तरीही चहा देतात.

इस्तंबूलचा हा बाजार दुसऱ्या मेहमेद सुलतानानं पंधराव्या शतकात सुरू केला. साठाहून जास्त छत घातलेल्या गल्ल्या आहेत आणि रविवारी बंद असतो. सहलीच्या आखणीत हे लोक हमखास विसरतात.

८. मी आकडा बोललो, दुकानदार लगेच ‘घ्या’ म्हणाला. मग मला वाटलं, अजून कमी बोलायला हवं होतं. आता मागे फिरता येतं का?

सहसा कोणी अडवणार नाही. पण फिरू नका. मी फिरलेल्या सगळ्या बाजारांत हा एक नियम सारखाच आहे: तुमच्या तोंडून गेलेला आकडा हा तुमचा शब्द असतो. तो मान्य झाला की सौदा झाला.

मी स्वतः तो मोडला आहे. इस्तंबूलला एका किलीमचा, म्हणजे सपाट विणीच्या गालिचाचा, भाव अर्धा तास चालला होता. शेवटी मी एक आकडा बोलले, दुकानदार क्षणभर थांबला आणि “ठीक” म्हणाला. त्याच्या त्या होकारानं मला शंका आली, मी “विचार करते” म्हणाले आणि उठले. तो काही बोलला नाही. गुडघ्यावर बसून त्यानं किलीम पुन्हा गुंडाळला, सुतळी बांधली आणि पाठमोरा उभा राहिला. वडील समोर असते तर त्यांना किती वाईट वाटलं असतं, हे मला हॉटेलवर परतेपर्यंत छळत राहिलं. दुसऱ्या दिवशी मी परत गेले. तो रविवार होता.

तेव्हा कोणी “तुम्ही किती देणार?” असं विचारलं आणि तुम्हाला घ्यायचंच नसेल, तर गमतीनंसुद्धा आकडा सांगू नका.

९. ‘निघून जायचं, तो हाक मारतो’ ही युक्ती अजून चालते का?

चालते, कारण ती फक्त युक्ती नसते. तुमच्या ठरवलेल्या आकड्याला वस्तू मिळत नसेल तर तुम्ही निघायलाच हवं. हाक आली तर तुमचा आकडा त्याला परवडतो. नाही आली तर तुम्ही खूप खाली होतात. मग परत जाऊन त्यानं सांगितलेल्या शेवटच्या भावाला घ्यायला काहीच हरकत नाही. यात कमीपणा नाही, दुकानदारही हसून देतो.

१०. भाजीवाल्या मावशींशी घासाघीस करावी का?

यावर माझं मत ठाम आहे: पाच-दहा रुपयांसाठी करू नये. त्या पहाटे मार्केट यार्डात किंवा वाशीच्या बाजारात जाऊन माल उचलतात, टेम्पोचं भाडं देतात, दिवसभर उन्हात बसतात. पालेभाजी संध्याकाळपर्यंत सुकते आणि उरलेली फेकावी लागते. दुपारी २० ला असलेली मेथीची जुडी रात्री आठला १० ला मिळते, कारण तेव्हा तिचे १० येणं हे फेकण्यापेक्षा बरं असतं. सकाळच्या ताज्या जुडीला रात्रीचा भाव मागणं अन्यायाचं आहे.

वजन मात्र बघा, तो तुमचा हक्क आहे. सडका टोमॅटो बाजूला काढा. आणि चार भाज्या घेतल्यावर “मावशी, थोडी कोथिंबीर घाला की” हे जरूर म्हणा. हा वरचा कढीपत्ता आणि दोन मिरच्या हीच मंडईतली खरी सवलत आहे, ती देताना त्यांनाही बरं वाटतं. क्यूआर कोड आल्यापासून “सुट्टे नाहीत, राहू द्या दोन रुपये” हे जवळपास संपलं. त्यामुळे हा कढीपत्ता मला आता जास्तच मोलाचा वाटतो.

शेतकरी स्वतः रस्त्याकडेला ढीग लावून बसला असेल तर भाव करूच नका.

११. मासळीबाजारात कोळणीशी बोलायची भीती वाटते.

भिऊ नका, आवाज मोठा असतो, राग नसतो. पापलेट, सुरमई नगावर मिळतात. बांगडे, मांदेली, कोळंबी यांचे वाटे लावलेले असतात. वाट्याचा भाव पाडण्यापेक्षा वाटा वाढवून मागा: “मावशी, दोन बांगडे वर टाका.” कल्ले लाल आणि डोळे स्वच्छ आहेत का ते विचारून बघा. सगळी मासळी दाबून, उलटीपालटी करून निघून जाणं मात्र त्यांना अजिबात खपत नाही, आणि ते बरोबरच आहे. साफ करून, तुकडे करून देण्याचे पैसे भावात धरलेत का, ते आधीच विचारा. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. त्या दिवसांत माल कमी, भाव चढे, बोलायला जागा थोडी.

१२. सोन्याच्या दुकानात काय कमी होतं?

सोन्याचा दर होत नाही, घडणावळ होते. त्या दिवसाचा दर बाजाराचा असतो, दागिन्याच्या किमतीवर ३ टक्के जीएसटी सरकारचा. उरते ती घडणावळ, आणि तिच्यावर सराफ पेढीतसुद्धा बोलता येतं. लग्नाची मोठी खरेदी असेल तर नक्की बोला. खडे जडवलेले असतील तर खड्यांचं वजन सोन्यात धरलेलं नाही ना, हे घासाघिशीच्या आधी तपासा. तिथे वाचणारी रक्कम जास्त असते. हॉलमार्कची खूण, २२ कॅरेटसाठी ९१६ आणि सहा अक्षर-अंकी एचयूआयडी (त्या दागिन्याचा ओळख क्रमांक) बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

दुबईच्या देऱ्यातल्या सोनेबाजारातही हेच गणित आहे. दर फलकावर लावलेला, घडणावळ बोलण्यावर. तिथे हिंदी सगळीकडे चालतं आणि आपल्या बायका फार उत्तम भाव करतात.

१३. येवल्याला पैठणी घ्यायला चाललो आहोत. किती कमी करून मागू?

किंमत विचारण्याआधी साडी हातमागाची आहे की यंत्रमागाची ते विचारा, कारण दोन्हींत काही पटींचा फरक असतो. पदर उलटा करून बघा. हातमागाच्या खऱ्या पैठणीत पदरावरचा मोर दोन्ही बाजूंनी सारखाच सुबक दिसतो, मागे धागे लोंबत नाहीत. ही साडी विणायला कित्येक आठवडे, नक्षी भरलेली असेल तर महिनेही लागतात. विणकराच्या घरी बसून घेत असाल तर एक साधा हिशोब करा: तुम्ही मागताय त्या किमतीला त्याच्या दिवसाची मजुरी किती पडते? मी तो हिशोब एकदा केला आणि त्यानंतर विणकराच्या दारात भाव केलेला नाही. शोरूममध्ये करते. यंत्रमागाची साडी हातमागाची म्हणून विकली जात असेल तर घासाघीस न करता उठा.

१४. थायलंड, इंडोनेशियात कसं बोलायचं?

हसून आणि हळू आवाजात. बँकॉकच्या चतुचक बाजारात विक्रेता कॅल्क्युलेटर पुढे करतो, तुम्ही त्यावर तुमचा आकडा टाइप करायचा. ‘लोत दाय माय?’ म्हणजे ‘कमी होईल का?’ एवढं आलं तरी चेहरे खुलतात. आवाज चढवणं, तोंड वाकडं करणं याला तिथे फार वाईट समजतात. चढलेल्या आवाजानंतर भाव कमी होत नाही, विक्रेता तुमच्याकडे बघणंच थांबवतो. आपल्याकडचा खणखणीत सूर तिथे भांडणासारखा ऐकू येतो, हे गटानं जाणाऱ्यांनी मुद्दाम लक्षात ठेवावं. खाण्याच्या गाड्यांवर भाव करू नका. सकाळच्या खरेदीबद्दल प्रश्न ६ पाहा.

१५. जपानमध्ये खरंच अजिबात भाव करत नाहीत?

जवळपास अजिबात नाही. याला जुना इतिहास आहे. १६७३ साली एदोमध्ये, म्हणजे आजच्या टोकियोत, मित्सुई घराण्यानं एचिगोया नावाचं कापडाचं दुकान काढलं. तोवर व्यापारी बड्या घरी माल घेऊन जात, उधारी ठेवत आणि माणूस बघून भाव सांगत. एचिगोयानं रोखीनं, सगळ्यांना एकच भाव, आणि हवं तेवढं कापड कापून द्यायला सुरुवात केली. कापडाच्या दुकानात वाढलेल्या मला ही गोष्ट फार आवडते. ठाण घ्यायची ऐपत नसलेल्या बाईला या पद्धतीमुळे तीन हात कापड मोठ्या गिऱ्हाइकाच्याच भावानं मिळू लागलं.

अपवाद: जुन्या वस्तूंचा बाजार, आणि ओसाका. ओसाकाच्या लोकांना भाव करण्याचा अभिमान आहे. इलेक्ट्रॉनिक्सच्या मोठ्या दुकानांतही महाग वस्तूवर नम्रपणे विचारलं तर कधीकधी सूट मिळते.

१६. अमेरिका-युरोपात सगळं ठरलेल्या भावानंच घ्यायचं का?

रोजची खरेदी, हो. तिथेही पूर्वी भाव करतच असत. सतराव्या शतकात इंग्लंडमधल्या क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी, जी किंमत आपण घेणार नाही ती सांगणं हे खोटं बोलणं आहे, म्हणून एकच भाव ठेवायला सुरुवात केली. एकोणिसाव्या शतकात पॅरिसचं बाँ मार्शे आणि फिलाडेल्फियाचं वॉनामेकर अशा मोठ्या दुकानांनी किमतीची चिठ्ठी रुळवली. शेकडो नोकर ठेवायचे तर प्रत्येकाला भाव करायला कोण शिकवणार? जर्मनीत तर १९३३ पासून सवलतीवर कायद्यानं मर्यादा होती, रोख खरेदीला फार तर ३ टक्के. तो कायदा २००१ साली रद्द झाला. तिथल्या जुन्या पिढीला भाव विचारणं अवघड का वाटतं, हे त्यावरून कळतं.

घर, गाडी, जुनं फर्निचर, गराज सेल, जर्मनीतला फ्लोमार्क्ट (जुन्या वस्तूंचा बाजार), इंग्लंडमधला कार बूट सेल (गाडीच्या डिकीतून जुन्या वस्तूंची विक्री) इथे मात्र खुशाल बोला. अमेरिकेत नव्या गाडीच्या काचेवर किमतीचा कागद असतो, तो लावणं १९५८ च्या कायद्यानं सक्तीचं आहे. पण ती कंपनीनं सुचवलेली किंमत असते. न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात नव्यानं गेलेली आपली मुलं तो आकडा एमआरपीसारखा धरतात आणि वर डीलरनं लावलेले निरनिराळे खर्च मुकाट्यानं भरतात. सगळं धरून एकूण किती, हे लेखी मागायचं, तसंच दुसऱ्या दोन डीलरांकडून मागायचं आणि मग बोलायचं.

१७. परदेशी माणसाला जास्त भाव सांगतात. ही फसवणूक नाही का?

चुकीचा माल देणं ही फसवणूक. जास्त भावानं सुरुवात करणं ही बोलणी. अजिंठा-वेरूळला आपणच परदेशी पाहुण्यांकडून कित्येक पट जास्त तिकीट घेतो, हे कैरोच्या खान अल-खलिली बाजारात चिडण्याआधी आठवावं. स्थानिक भाव मिळवण्याचा मार्ग एकच: आकडे त्यांच्या भाषेत शिकणं. एक ते दहा आणि ‘शंभर’ आलं तरी सुरुवातीचा भाव खाली येतो.

१८. गाईड किंवा टॅक्सीवाला एका ठरावीक दुकानात नेतो. तिथे भाव करून फायदा आहे का?

कमी. त्याचं कमिशन भावात धरलेलं असतं, तेवढी जागा दुकानदाराकडे उरलेलीच नसते. वस्तू आवडली तर नाव विचारून ठेवा, बाहेरच्या बाजारात भाव ऐका आणि दुसऱ्या दिवशी एकटे जा.

१९. बायकांना जास्त भाव सांगतात का?

काही बाजारांत, हो. १९९१ साली इयन एअर्स या अमेरिकी प्राध्यापकांनी शिकागो परिसरातल्या गाड्यांच्या शोरूममध्ये काही माणसं पाठवली. सगळ्यांनी तेच बोलायचं, तसाच भाव करायचा, हे शिकवलेलं होतं. तरी गोऱ्या पुरुषांना सगळ्यात कमी भाव मिळाला, स्त्रियांना आणि काळ्या गिऱ्हाइकांना जास्त. म्हणजे दोष बोलण्याच्या कौशल्यात नव्हता. गॅरेज, हार्डवेअर, टाइल्स अशा दुकानांत आपल्याकडेही असं होतं, माझ्याही बाबतीत झालं आहे. तिथे सुट्या भागाचं नाव आणि दोन ठिकाणचे लेखी दर घेऊन जाते, मग बोलणं लवकर संपतं.

२०. इराणमध्ये दुकानदार म्हणाला, ‘याचे पैसे नकोत’. घेऊन निघायचं का?

मुळीच नाही. त्याला ‘तआरुफ’ म्हणतात. “घाबेल नदारे”, म्हणजे तुमच्यापुढे याची काय किंमत, असं म्हणणं हे तिथलं सौजन्य आहे. तुम्ही दोन-तीनदा आग्रह करायचा, मग तो किंमत सांगतो. आपल्याकडे पाहुण्यानं पहिल्यांदा “नको, जेवून आलोय” म्हणायचं असतं, तेच तिथे दुकानदार करतो. खरा भाव त्यानंतर सुरू होतो, तो प्रश्न ४ प्रमाणे करा.

२१. बैलबाजारात रुमालाखाली हात धरून काय चालतं?

सौदाच चालतो. खरेदीदार आणि विकणारा रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून आकडे सांगतात, त्यामुळे शेजारच्याला भाव कळत नाही. याला हत्ता म्हणतात. शेतमालाच्या बाजारात या पद्धतीत शेतकऱ्यालाच अंधारात ठेवलं जाई, म्हणून बाजार समित्यांनी उघड लिलाव आणला. आखातातले मोत्यांचे व्यापारीही असाच कापडाखाली भाव करत, आणि ते मोती विकायला मुंबईला येत. चीनमध्ये गुरांचे दलाल लांब बाहीच्या आत बोटं धरत. कोण कोणाकडून शिकलं, की सगळ्यांना आपापलंच सुचलं, याचा विचार करत बसायला मला आवडतं.

२२. बोहारणीशी पैसे नसतात, मग भाव कसला?

तोच तर सगळ्यात अवघड. जुन्या साड्या द्यायच्या, स्टीलचं भांडं घ्यायचं. ती कपडा उजेडात धरून विरलेली जागा शोधते, तुम्ही पातेल्याची जाडी बघता. जरीची साडी असेल तर आधी जर खरी आहे का ते सराफाकडून कळून घ्या, मगच दारात काढा. माझी आई एकेक कपडा काढायची, सगळे एकदम कधीच नाही. शेवटचा चांगला शर्ट पदराखाली असायचा आणि “हा घे, पण डबा झाकणासकट दे” म्हणून तो बाहेर यायचा. बोहारणीला तो शर्ट तिथे आहे हे ठाऊक असायचं, ती त्याचीच वाट बघत पाणी पीत बसायची. पाणी आणि दुपारी आली तर भाकरी द्या. डोक्यावर भांड्यांची पाटी घेऊन ती जिने चढलेली असते.

रद्दीवाल्याच्या बाबतीत भावापेक्षा काटा महत्त्वाचा. घरी रद्दी आधी मोजून ठेवा.

२३. घरी आल्यावर कळलं, तीच वस्तू दुसऱ्याला निम्म्या किमतीत मिळाली. आता काय?

वस्तू बदलून दिली किंवा खोटी निघाली असेल तर बिल घेऊन भांडा, परदेशात कार्डानं पैसे दिले असतील तर बँकेला कळवा. नुसता भाव जास्त गेला असेल तर प्रश्न ४ मधला आकडा आठवा: तुम्ही खुशीनं जेवढे द्यायला तयार होतात, तेवढेच दिलेत ना? मग ती वस्तू वापरायला काढा. तो किलीम मी सोमवारी सकाळी जाऊन, माझ्या तोंडून गेलेल्या आकड्यालाच घेतला. मैत्रिणीला तसलाच नंतर बराच स्वस्त मिळाला. माझा दिवाणखान्यात आहे, खिडकीपाशी.